मुलांच्या फिट्स आणि किटोजेनिक आहार: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

फिट्ससाठी किटोजेनिक आहार सुचवला गेला की घरात दोन प्रकारची माणसं तयार होतात. एकाला वाटतं, आता गोळ्या सुटणार. दुसऱ्याला वाटतं, लेकराची उपासमार होणार. आहारतज्ज्ञ म्हणून मी या दोघांशीही बोलते, आणि दोघांच्या प्रश्नांची उत्तरं एकाच ठिकाणी असावीत म्हणून हे लिहिलं आहे. हे वाचून कुणीही घरच्या घरी आहार सुरू करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. मेंदूविकारतज्ज्ञ आणि हा आहार शिकलेला आहारतज्ज्ञ सोबत असल्याशिवाय तो सुरक्षित नाही.

दोन औषधं झाली, तरी फिट्स थांबत नाहीत. डॉक्टर ‘किटो’ म्हणाले. म्हणजे नेमकं काय?

रोजच्या जेवणात आपली बहुतेक ऊर्जा भात, पोळी, भाकरी, साखर यांतून, म्हणजे कर्बोदकांतून येते. किटोजेनिक आहारात कर्बोदकं अगदी थोडी ठेवतात, प्रथिनं वाढीला लागतील तेवढीच देतात आणि उरलेली सगळी ऊर्जा तूप, तेल, लोणी, साय, खोबरं अशा स्निग्ध पदार्थांतून पुरवतात. साखर मिळेनाशी झाली की यकृत चरबीपासून किटोन नावाचे पदार्थ बनवतं आणि मेंदू त्यांच्यावर चालू लागतो. या अवस्थेत अनेक मुलांच्या फिट्स कमी होतात, काहींच्या पूर्ण थांबतात.

नीट निवडलेली आणि पुरेशा मात्रेत दिलेली दोन औषधं घेऊनही फिट्स चालू राहिल्या, तर त्याला औषधांना दाद न देणारा अपस्मार (फिट्सचा आजार) म्हणतात. अपस्मार असलेल्या साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या वाट्याला हे येतं. अशा वेळी तिसऱ्या, चौथ्या औषधाने फिट्स पूर्ण थांबण्याची शक्यता बरीच कमी झालेली असते. म्हणूनच दुसरं औषध फसलं की डॉक्टरांना दोन गोष्टी स्पष्ट विचारा: शस्त्रक्रियेचा उपयोग होईल का, आणि आहाराचा होईल का? मेंदूच्या एका ठरावीक भागातून फिट्स सुरू होत असतील आणि तो भाग काढता येण्यासारखा असेल, तर आधी शस्त्रक्रियेचा विचार व्हायला हवा. तसं नसेल तर आहाराचा प्रश्न सहाव्या-सातव्या औषधापर्यंत लांबवू नका. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं फार उशिरा येतात, आणि मधल्या वर्षांत शिकायचं-बोलायचं वय निघून जातं.

हे नवीन फॅड आहे का?

नाही, याला शंभर वर्षं होऊन गेली. उपाशी राहिलं की फिट्स कमी होतात हे फार जुन्या काळापासून लोकांच्या लक्षात आलेलं होतं. १९११ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी त्यावर वैद्यकीय अहवालही लिहिला. पण कुणाला कायम उपाशी ठेवता येत नाही. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉ. रसेल वाइल्डर यांनी सुचवलं की उपवासात शरीरात जे घडतं ते स्निग्ध आहारानेही घडवता येईल. ‘किटोजेनिक डाएट’ हे नावही त्यांनीच दिलं. त्याच संस्थेतल्या डॉ. पीटरमन यांनी पुढच्या काही वर्षांत प्रमाण ठरवलं: वजनाच्या दर किलोमागे १ ग्रॅम प्रथिनं, दिवसाला १० ते १५ ग्रॅम कर्बोदकं आणि बाकी सगळं स्निग्ध. आजचं गणित याच्यापासून फार लांब गेलेलं नाही.

१९३८ मध्ये फेनिटॉइन हे फिट्सचं औषध आलं. गोळी देणं ताट मोजण्यापेक्षा सोपं, त्यामुळे आहार मागे पडला. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्ससारख्या थोड्या रुग्णालयांनी तो चालू ठेवला. १९९०च्या दशकात चार्ली अब्राहम्स या लहान मुलाच्या फिट्स औषधांनी थांबेनात, त्या तिथल्या आहाराने थांबल्या. त्याच्या आईवडिलांनी १९९४ मध्ये चार्ली फाउंडेशन काढलं आणि जगभर या उपचाराकडे पुन्हा लक्ष वळलं. आपल्याकडे मुंबईचे डॉ. जनक नाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय मुलांवरचा अनुभव २००९ मध्ये ‘इंडियन पेडिॲट्रिक्स’मध्ये मांडला. भारतीय ताटात हे जमतं का, या शंकेला त्यातून चांगलं उत्तर मिळालं.

खरंच गुण येतो का? आकडे सांगा.

२००८ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या डॉ. एलिझाबेथ नील आणि सहकाऱ्यांनी १४५ मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला लगेच आहार दिला, दुसऱ्याला तीन महिने थांबवलं. तीन महिन्यांनी आहाराच्या गटातल्या ३८ टक्के मुलांच्या फिट्स निम्म्याहून जास्त कमी झाल्या होत्या, थांबलेल्या गटात फक्त ६ टक्के मुलांच्या. ही सगळी मुलं आधीच किमान दोन औषधं करून चुकलेली होती, हे लक्षात घ्या.

दिल्लीच्या एम्समध्ये १०२ मुलांवर सुधारित ॲटकिन्स आहाराचा (किटोजेनिक आहाराचाच जरा सैल प्रकार, पुढे सांगितला आहे) असाच अभ्यास झाला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे आहार घेणाऱ्या ५२ टक्के मुलांच्या फिट्स निम्म्याहून जास्त कमी झाल्या, न घेणाऱ्यांपैकी ११.५ टक्के मुलांच्या.

मी पालकांना साधारण असं सांगते: जवळजवळ निम्म्या मुलांना ठळक फरक पडतो, थोड्यांच्या फिट्स पूर्ण थांबतात आणि काहींना काहीच उपयोग होत नाही. आपलं मूल कुठल्या गटात असेल हे आधी सांगता येत नाही. साधारण तीन महिने करून पाहावं लागतं.

तीन महिने मुलाला इतका त्रास द्यायचा आणि गुण नाही आला तर?

तर थांबायचं. अपयश मुलाचं नाही, आईच्या स्वयंपाकाचं तर मुळीच नाही. पण तीन महिने मात्र प्रामाणिकपणे द्या. बऱ्याच मुलांत फरक पहिल्या काही आठवड्यांतच दिसतो, काहींत उशिरा. पहिल्याच आठवड्यात एक फिट आली म्हणून आहार सोडू नका. पहिल्याच आठवड्यात फिट थांबली म्हणून लाडू भरवू नका.

रोज वही ठेवा. तारीख, वेळ, फिट कशी होती, किती वेळ चालली, त्या दिवशी खाण्यात काय इकडेतिकडे झालं, ताप होता का, झोप झाली का. तीन महिन्यांनी डॉक्टर हीच वही बघतील. फिट्स तेवढ्याच राहूनही मूल जास्त जागं, जास्त बोलकं झाल्याचं पुष्कळ पालक सांगतात. तेही लिहा.

पण हे काम कसं करतं?

पूर्ण उलगडा अजून झालेला नाही. किटोनवर चालणाऱ्या मेंदूपेशींना ऊर्जा अधिक स्थिरपणे मिळते, रक्तातल्या साखरेचे चढउतार कमी होतात, पेशींना उत्तेजित करणारे आणि शांत करणारे संदेश यांचा तोल बदलतो, असे अनेक परिणाम दिसले आहेत. काही स्निग्धाम्लं (फॅटी ॲसिड) मेंदूतल्या उत्तेजक ग्राहींना (रिसेप्टर) थेट अडवतात. आतड्यातल्या जिवाणूंचाही वाटा असावा असं संशोधन सांगतं.

एका आजारात मात्र उत्तर स्वच्छ आहे. ग्लूट-१ कमतरतेत रक्तातली साखर मेंदूपर्यंत नेणारं प्रथिन कमी पडतं. रक्तात साखर भरपूर आणि मेंदू उपाशी. किटोन दुसऱ्या वाटेने मेंदूत जातात, त्यामुळे तिथे हा आहार पहिला उपचार आहे. पाठीच्या पाण्यातली साखर आणि जनुक तपासणी यांवरून निदान होतं.

कुणासाठी लवकर विचार करावा?

ग्लूट-१ आणि पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज (साखरेपासून ऊर्जा बनवायला लागणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम) यांची कमतरता, या दोन्हींत सुरुवातीलाच. ड्रावे सिंड्रोम, डूझ सिंड्रोम, ट्यूबरस स्क्लेरोसिस या लहानपणी फिट्स आणणाऱ्या आजारांत आणि लहान बाळांच्या इन्फंटाइल स्पाझममध्ये गुण येण्याची शक्यता चांगली असते.

या शेवटच्या आजाराबद्दल थोडं सविस्तर सांगायलाच हवं. साधारण तीन ते बारा महिन्यांचं बाळ झोपेतून उठताना मान झुकवून, हात पसरून दचकल्यासारखं करतं, पुन्हा करतं, पुन्हा करतं. घरात म्हणतात, पोटात दुखतंय, दचकतंय, दृष्ट लागली. बाळगुटी दिली जाते, मीठ-मोहरी ओवाळली जाते आणि आठवडे निघून जातात. असे झटके लागोपाठ येत असतील आणि बाळ हसायचं, बघायचं कमी झालं असेल, तर मोबाइलवर व्हिडिओ काढून त्याच दिवशी बालमेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. पहिला उपचार हार्मोनची इंजेक्शनं, स्टिरॉइड किंवा विगाबॅट्रिन हाच असतो. त्याने भागलं नाही की आहार. वरचं दूध घेणाऱ्या बाळाला खास किटोजेनिक पावडरीवर ठेवणं तुलनेने सोपं जातं. स्तनपान चालू असेल तर ते मोजून बसवता येतं का, हे तज्ज्ञ ठरवतात.

अतिदक्षता विभागात दिवसेंदिवस न थांबणाऱ्या फिट्समध्येही नळीवाटे हा आहार देतात.

कुणाला देऊच नये?

चरबीचं ऊर्जेत रूपांतर करण्याची यंत्रणाच जन्मतः बिघडलेली असेल तर हा आहार जीवघेणा ठरू शकतो. कार्निटिनची (चरबी जाळायला लागणाऱ्या पदार्थाची) प्राथमिक कमतरता, स्निग्धाम्लं जाळणाऱ्या विकरांचे दोष ही त्यांतली नावं. पायरुव्हेट कार्बोक्सिलेजची कमतरता आणि पॉर्फिरिया या आजारांतही हा आहार देत नाहीत. म्हणूनच सुरू करण्याआधी रक्त आणि लघवीच्या खास तपासण्या होतात. त्यांबरोबर यकृत, मूत्रपिंड, चरबीचं प्रमाण, कॅल्शियम आणि मुतखड्यासाठी सोनोग्राफी. ‘इतक्या तपासण्या कशाला, जेवणच तर आहे’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

वजन कमी करायला लोक करतात तो किटो आणि हा एकच का?

नाव एक, काम वेगळं. तिथे एखादा दिवस चुकला तर वजनकाटा थोडा हलतो. इथे एका बिस्किटाने किटोन खाली येऊन फिट येऊ शकते. शिवाय इथे मुलाचं वजन घटवायचं नसतं. ते वाढलं पाहिजे, उंचीही वाढली पाहिजे. जिममधला तक्ता किंवा यूट्यूबवरची पाककृती मुलाला लावू नका.

४:१, ३:१, ॲटकिन्स… हे प्रकार काय आहेत?

४:१ म्हणजे ४ ग्रॅम स्निग्ध पदार्थांमागे प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून १ ग्रॅम. उदाहरणाने बघू. १५ किलोच्या मुलाला दिवसाला १००० कॅलरी ठरल्या. ४ ग्रॅम स्निग्धाच्या ३६ आणि १ ग्रॅम बाकीच्याच्या ४, अशा एका भागात ४० कॅलरी. १००० भागिले ४०, म्हणजे २५ भाग. स्निग्ध १०० ग्रॅम. प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून २५ ग्रॅम. त्यातली १५ ग्रॅम प्रथिनं ठेवली तर कर्बोदकांना उरतात फक्त १० ग्रॅम, तीही दिवसभरात वाटून. १०० पैकी ९० कॅलरी स्निग्धातून. (हे समजण्यापुरतं आहे, तुमच्या मुलाचं गणित तुमचा आहारतज्ज्ञच करेल.) ३:१ मध्ये थोडी सवलत मिळते.

मध्यम साखळीच्या स्निग्धाचा, म्हणजे एमसीटी तेलाचा प्रकार १९७१ पासून वापरात आहे. या तेलापासून किटोन लवकर बनतात, त्यामुळे जेवणात कर्बोदकांना जरा जागा मिळते. काही मुलांना त्याने पोटात कळा आणि जुलाब होतात.

सुधारित ॲटकिन्स आहार जॉन्स हॉपकिन्समध्ये २००३ च्या सुमारास पुढे आला. त्यात फक्त कर्बोदकं मोजायची, मुलांसाठी बहुधा दिवसाला १० ग्रॅम. प्रथिनांवर कडक बंधन नाही, स्निग्ध भरपूर. रुग्णालयात दाखल न होता सुरू करता येतो. आपल्याकडे हा बराच वापरला जातो. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी तर फारसं न शिकलेल्या पालकांसाठी तो आणखी सोपा करून, तसा अभ्यासही केला. मला त्या कामाचं फार मोल वाटतं, कारण आपल्या सरकारी रुग्णालयात येणारी आई ग्रॅमचा तक्ता वाचू शकेलच असं नाही, पण वाटी आणि चमचा तिला पक्का कळतो.

चौथा प्रकार कमी ग्लायसेमिक इंडेक्सचा. दिवसाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं चालतात, पण रक्तातली साखर हळू वाढवणारीच.

एम्समध्ये १७० मुलांवर मूळ किटोजेनिक, सुधारित ॲटकिन्स आणि हा चौथा, अशा तिन्हींची तुलना २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांत फिट्स अनुक्रमे सुमारे ६६, ४५ आणि ५४ टक्क्यांनी घटल्या. मूळ आहाराइतकाच गुण बाकी दोन्हींत येतो, असं त्यातून सिद्ध झालं नाही, पण चौथ्या प्रकारात दुष्परिणाम कमी दिसले. माझं मत असं: दोन वर्षांखालच्या बाळाला आणि ग्लूट-१ असलेल्या मुलाला कडक प्रकार द्यावा. मोठ्या, स्वतःच्या हाताने खाणाऱ्या, शाळेत जाणाऱ्या मुलाला घर जो पेलू शकेल तो द्यावा. कागदावरचा सर्वोत्तम आहार तिसऱ्या आठवड्यात सुटला तर त्याचा काय उपयोग?

आम्ही शाकाहारी आहोत. ताटात राहणार काय?

बरंच काही. पनीर, साय, लोणी, तूप, नारळ, खोबरेल तेल, तीळ, जवस, बदाम, अक्रोड, मोजून शेंगदाणे. भाज्यांत पालक, मेथी, दुधी, कोबी, फ्लॉवर, काकडी. अंडं चालत असेल तर काम पुष्कळ सोपं होतं. मांसाहारी घरात बांगडा, सुरमई, चिकन, मटण आहेतच, फक्त पिठात घोळवायचं नाही. कोकण-गोव्याकडच्या घरांना नारळाची सवय असते, त्यांचं पहिल्या आठवड्यात अडत नाही.

जे जातं ते मोठं आहे हे लपवणार नाही. भात, पोळी, भाकरी, पोहे, उपमा, डाळीची नेहमीची वाटी, बटाटा, केळं, आंबा, साखर, गूळ, मध. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या एका भाकरीत ३० ग्रॅमच्या वर कर्बोदकं असतात, म्हणजे दिवसाला १० ग्रॅमवर असलेल्या मुलाचा तीन दिवसांचा वाटा. दुधाच्या एका मोठ्या पेल्यात, २०० मिलीमध्ये, साधारण १० ग्रॅम. दूध ‘हलकं’ म्हणून मोजायचं राहून जातं, ते हमखास.

मुलांना पोळीसारखं काहीतरी हवंच असतं. बदामाची किंवा जवसाची पूड, अंडं किंवा पनीर, तूप, यांचं धिरडं बरं होतं. फ्लॉवर किसून तुपावर परतला की भाताच्या जागी चालतो, वर साजूक तूप आणि मीठ. पनीरची बुर्जी, खोबऱ्याच्या दुधातली दुधीची भाजी, लोण्यात परतलेला पालक. तूप ताटात उरू देऊ नका. ताटाला लागलेलं तूपसुद्धा मोजलेलं असतं, ते रबरी चमच्याने पुसून भरवा.

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. ‘अंदाजे’ हा शब्द या स्वयंपाकघरात चालत नाही.

आमच्याकडे उपवास असतातच. मग ते चालतील का?

आपला उपवास या बाबतीत उलटा आहे. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च. वरी, रताळं, राजगिऱ्याचा गुळातला लाडू, केळं, सगळी कर्बोदकंच. मूल एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाईल तर किटोन त्याच दिवशी उतरतील. आणि निरंकार उपवासही मुलाला नको. साखर फार खाली जाऊ शकते.

गोळ्या बंद होतील ना?

पहिले काही महिने औषधं तशीच चालू राहतात. गुण आला की डॉक्टर एकेक करून कमी करतात. काही मुलांची सगळी सुटतात, बऱ्याच मुलांची संख्या किंवा मात्रा कमी होते. तेवढ्यानेही मूल वर्गात पेंगायचं थांबतं. स्वतःहून गोळी थांबवणं मात्र धोक्याचं आहे. त्याने न थांबणारी फिट येऊ शकते.

टोपिरामेट किंवा झोनिसामाइड चालू असेल तर रक्तातली आम्लता आणि मुतखडा यांवर जास्त लक्ष ठेवावं लागतं. व्हॅल्प्रोएट चालू असेल तर यकृत आणि कार्निटिनवर.

औषधांतही साखर असते म्हणतात?

असते, आणि इथेच पुष्कळ घरं फसतात. फिट्सची सिरपं, खोकल्याचं औषध, तापाचं गोड पातळ औषध, चघळायच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, ओआरएस, ग्लुकोजची पावडर. शक्य तिथे साखर नसलेली गोळी मागा आणि ती कुटायची असेल तर डॉक्टरांना विचारून कुटा. आयुर्वेदिक अवलेह, च्यवनप्राश, मधातलं चाटण, बाळगुटी उगाळताना लावलेला मध, आणि होमिओपॅथीच्या साखरेच्या गोळ्या, हे सगळं मोजावं लागतं किंवा बंद करावं लागतं. ‘शुगर फ्री’ पावडरींतही अनेकदा माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोज) असतं. लेबल वाचा, कळलं नाही तर फोटो काढून आहारतज्ज्ञाला पाठवा.

दुष्परिणाम काय होतात?

सर्वांत जास्त त्रास बद्धकोष्ठतेचा. पाणी, पालेभाजी, गरज पडली तर डॉक्टरांनी दिलेलं औषध. सुरुवातीला उलट्या, मरगळ, भूक मंदावणं. रक्तातली चरबी वाढते, बऱ्याच मुलांत ती नंतर स्थिरावते. उंचीची वाढ मंदावू शकते, हाडं कमजोर होऊ शकतात, म्हणून कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि बहुजीवनसत्त्वं ही आहाराचाच भाग आहेत. ती ‘टॉनिक’ म्हणून सोडून देऊ नका. सेलेनियम कमी पडलं तर क्वचित हृदयावर परिणाम होतो, म्हणून तेही तपासतात.

काही मुलांना मुतखडा होतो. पोटॅशियम सायट्रेट दिल्याने ते प्रमाण कमी होतं. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मुलाला दिवसभर पाणी पाजत राहा. उसाचा रस आणि गोड सरबत नाही, पण साखर न घातलेलं कोकमाचं पाणी मीठ-जिरं घालून, किती ते विचारून, देता येतं.

मूल अचानक खूप सुस्त झालं, श्वास जोरात आणि भराभर चालला, चेहरा लाल झाला, उलट्या थांबेनात, तर किटोन फार वाढले असू शकतात किंवा साखर उतरली असेल. अशा वेळी घरी काय द्यायचं हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या. बहुतेक ठिकाणी सुमारे ३० मिली संत्र्याचा रस द्यायला सांगतात आणि लगेच फोन करायला. पहिल्या वर्षात साधारण दर तीन महिन्यांनी वजन, उंची आणि रक्त-लघवीच्या तपासण्या चुकवू नका.

आजी-आजोबा ऐकत नाहीत. शाळेचं काय?

हा प्रश्न बहुतेक आया आवाज खाली आणून विचारतात, आणि माझ्या मते आहार टिकणार की नाही हे इथेच ठरतं.

आजीला नातवाला उपाशी ठेवलेलं बघवत नाही. तिचं प्रेम खरं आहे, म्हणून तिला वगळू नका. डॉक्टरांकडे पहिल्या भेटीला तिला सोबत आणा. मी आजीच्या हातात काटा देते आणि तूप मोजायला सांगते. नातवाला इतकं तूप द्यायचं म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावरची काळजी अर्धी उतरते. मग तीच घराची पहारेकरी होते. शेजारच्या काकूंनी पेढा पुढे केला तर आईला संकोच वाटतो, आजी सरळ नाही म्हणते.

सुनेवर सगळा भार टाकणारी घरंही मी पाहते. ती दोन स्वयंपाक करते, काटा धरते, वही लिहिते, रात्री फिट आली तर जागते, आणि फिट आलीच तर ‘काहीतरी चुकलं असेल तुझं’ हेही ऐकते. वडिलांनी आठवड्यातले काही डबे स्वतः मोजावेत. कसं मोजायचं ते मी शिकवते, फार वेळ लागत नाही.

भावंडांचं जेवण वेगळं असणारच. त्यांना चोरून खायला लावू नका, पण आजारी भावापुढे आइस्क्रीमही नको. सणाला मुलासाठी त्याचं गोड आधीच करून ठेवा. किसलेलं खोबरं, पनीर, लोणी आणि तज्ज्ञाने सुचवलेला साखररहित गोडवा यांचा मोदक साच्यात छान पडतो. गणपतीसमोर त्याचाही मोदक ठेवा. संक्रांतीला तिळाची मोजलेली वडी करा.

शाळेत वर्गशिक्षिकांना एक पान लिहून द्या: डब्याबाहेरचं काहीही नको, वाढदिवसाचं चॉकलेट घरी पाठवा, डबा उरला तर कळवा, फिट आली तर काय करायचं. पोषण आहाराची खिचडी वाढणाऱ्या ताईंनाही सांगा. मुलाला स्वतःलाही त्याच्या वयाच्या भाषेत सांगा. पाच-सहा वर्षांची मुलं ‘हे माझ्या फिटला आवडतं, मी नाही खाणार’ असं इतरांना ठणकावून सांगतात.

किटोन घरी तपासता येतात का?

लघवीच्या पट्ट्यांनी येतात. रंग गडद झाला की किटोन चांगले. रक्ताची तपासणी अधिक नेमकी, पण पट्ट्या महाग. श्वासाला फळासारखा गोडसर वास येतो, तो किटोनचाच. दुर्गंधी समजून त्यावर गोड माउथवॉश वापरू नका.

मोठ्या माणसांना चालतो का?

चालतो, बहुधा सुधारित ॲटकिन्सच्या रूपात, दिवसाला १५-२० ग्रॅम कर्बोदकांवर. पुरावा मुलांपेक्षा कमी आहे आणि बाहेर खाणं, नोकरी, डबा यांमुळे सुटण्याचं प्रमाण जास्त. गर्भारपणात किंवा गर्भधारणेचा विचार असताना स्वतःहून करू नये.

किती वर्षं?

गुण आला तर साधारण दोन वर्षं. इन्फंटाइल स्पाझममध्ये त्याहून कमी वेळातही थांबवतात. ग्लूट-१ मध्ये मात्र निदान किशोरवयापर्यंत चालू ठेवतात. थांबवताना प्रमाण दोन-तीन महिन्यांत टप्प्याटप्प्याने खाली आणतात. पूर्ण थांबलेल्या फिट्स आहार सोडल्यावर साधारण पाचातल्या एका मुलात परत येतात. तेव्हा पुन्हा आहार किंवा औषध सुरू करता येतं.

फिट आली तर घरी काय करायचं?

मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू काढा, कॉलर सैल करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीच नाही. चप्पल हुंगवू नका, कांदा नको, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी दिलेला मिडाझोलामचा नाकात मारायचा फवारा मारा आणि रुग्णालय गाठा. शुद्धीवर आल्यावर साखरपाणी देण्याची सवय असते, ती या मुलात सोडायची.

रात्री-अपरात्री दुसऱ्याच रुग्णालयात न्यावं लागलं तर?

आपल्याकडे मूल दाखल झालं की बहुतेक वेळा पहिली बाटली ग्लुकोजची लागते. रक्तातली साखर खरोखर उतरली असेल तर ती लावायलाच हवी. नसेल तर साधं सलाइन लावतात. त्यामुळे आहार देणाऱ्या डॉक्टरांकडून त्यांच्या शिक्क्याचं एक पत्र घ्या: मूल किटोजेनिक आहारावर आहे, प्रमाण अमुक, चालू औषधं अमुक; आधी रक्तातली साखर आणि किटोन तपासावेत; साखर कमी नसल्यास डेक्स्ट्रोजविरहित सलाइन द्यावं; औषधं शक्यतो साखरविरहित; संपर्क अमुक. शस्त्रक्रिया किंवा भूल असेल तर भूलतज्ज्ञांनाही हेच पत्र दाखवा. एक प्रत आईच्या पर्समध्ये, एक शाळेच्या दप्तरात, एक गाडीत, आणि फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये. औषधाची मात्रा बदलली की पत्र त्याच आठवड्यात नवं करून घ्या.